नावांची लय

आज ज्या लेखनाबद्दल बोलणार आहे, ते धड गद्य नाही आणि धड पद्यही नाही. जुन्या चीनमध्ये त्याला 'फू' म्हणत. ते गायचं नसे, मोठ्यानं म्हणायचं असे. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात सिमा शियांगरू या कवीनं सम्राट वू याच्या शिकारीच्या रानावर असं एक फू रचलं. नद्या, मासे, पाखरं, झाडं. नावांमागून नावं येत राहतात आणि ऐकणाऱ्याला दम घेऊ देत नाहीत. शेवटी सम्राटाला काटकसरीचा उपदेश आहे. पुढे यांग श्योंग या कवीनं तक्रार केली, की एवढ्या थाटात उपदेश ऐकू कोणाला येणार? त्याचं म्हणणं मला पटतं. तरी त्या नावांची ओढ सुटत नाही.

ती ओढ मला चीनमध्ये लागलेली नाही, आपल्या गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांधला लागली. कोहळी समाजानं बांधलेला हा तलाव, भोवती सात बहिणींचे डोंगर. लेखक मारुती चितमपल्ली इथं वनाधिकारी होते. त्यांच्या गद्यात छंद नाही, यमक नाही. पण पाखराचं किंवा झाडाचं नाव आलं की वाक्याची चाल बदलते. ही नावं त्यांना कोशात शोधावी लागली नाहीत. पाखरांचे जाणकार माधवराव पाटील डोंगरवार आणि रानात राबणारी माणसं यांच्या तोंडून ती आली. दरबारी फूपेक्षा हे गद्य मला जवळचं वाटतं ते यासाठी. इथं कोणाला दिपवायचं नाही.

फूसुद्धा पुढे निवळलं. 1082 साली कवी सू शी लाल कड्याखाली मित्रांबरोबर नावेत बसला. त्यानं लिहिलेल्या फूमध्ये वस्तू थोड्याच उरल्या: पाणी, वारा, चंद्र. प्रत्येकीभोवती मोकळी जागा आहे.

आज रात्री चितमपल्लींचं एखादं पान मोठ्यानं वाचा. नावांच्या ओळी गाळू नका. आता माझ्याबरोबर म्हणून बघा: हळदी-कुंकू बदक, चक्रवाक, कमळपक्षी, सारस. पहिलं नाव तुरुतुरु चालतं. 'चक्रवाक' म्हणताना जोडाक्षरावर जीभ अडते. आणि धानाच्या बांध्यांतून फिरणारा आपला सारस आला, की 'सा' आपसूक लांबतो. तो लांबू द्या.