जीवशास्त्राची पदवी आणि पुढचा रस्ता



जीवशास्त्र शिक्षकांच्या या अधिवेशनाचं अध्यक्षपद आज माझ्याकडं आहे. आपल्यापैकी बरेच जण आज सकाळी स्वारगेटला एस.टी.तून उतरून इथं आले आहेत. सातारा, सांगली, सोलापूरकडून शिकायला येणाऱ्या कितीतरी मुलांची पुण्याशी पहिली गाठ याच स्थानकावर पडते. त्यांतली जी मुलं बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र घेतात, त्यांच्याविषयी आज बोलायचं आहे.

देशभरात वीस लाखांहून अधिक मुलं वैद्यकीय प्रवेशाची 'नीट' परीक्षा देतात. एमबीबीएसच्या जागा साधारण सव्वा लाख. उरलेल्यांतली पुष्कळ मुलं आपल्या वर्गात येतात आणि येताना खचलेली असतात. 'नीट हुकली म्हणून बी.एस्सी.ला घातलं' हे वाक्य त्यांनी घरात, शेजारी, लग्नकार्यात ऐकलेलं असतं. पहिलं वर्ष पुन्हा नीट देण्याच्या नादात जातं, दुसरं मरगळीत. तिसऱ्या वर्षाची तोंडी परीक्षा संपली की मुलगी हळूच विचारते, "सर, आता पुढं काय?" या प्रश्नाला तिसऱ्या वर्षापर्यंत उत्तर मिळत नाही, हा दोष आपला आहे. ते पहिल्या सहामाहीतच मिळायला हवं.

आणि उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही. शंकर पुरुषोत्तम आघारकर मालवणचे. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवत असताना सुट्टी मिळाली की ते सह्याद्री पालथा घालायचे. त्या भटकंतीत सातारा भागातल्या नद्यांमध्ये त्यांना गोड्या पाण्यातली जेलीफिश सापडली. हा जीव आफ्रिकेतलाच, असं तोवर मानलं जात होतं. पुढं ते जर्मनीत शिकले, कलकत्ता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि निवृत्तीच्या वयात पुण्याला येऊन १९४६ साली त्यांनी महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी उभी केली. आज तिला आपण आघारकर संशोधन संस्था म्हणतो. तिथं तयार झालेले सोयाबीन आणि गव्हाचे एमएसीएस वाण शेतकऱ्यांच्या रानात आहेत. कॉलेजच्या एका तरुण मास्तरानं नदीत उतरून पाहिलं, तिथून ही वाट सुरू झाली. आपल्या मुलांना आघारकर हे फार तर एका संस्थेचं नाव म्हणून माहीत असतात. त्यांची ही हकिकत आपण वर्गात सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरी संस्था घ्या. १९५२ साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्र सुरू झालं, आजची राष्ट्रीय विषाणू संस्था. १९५७ मध्ये शिमोग्याच्या जंगलात माकडं मरू लागली आणि जंगलालगतच्या गावांतली माणसं तापानं फणफणली. पुण्याहून पथक गेलं. क्यासनूर जंगलाच्या नावानं ओळखला जाणारा तो विषाणू त्यांनी वेगळा केला आणि तो गोचिडांमार्फत पसरतो हेही दाखवलं. असं काम एकट्या डॉक्टरांच्या हातून होत नाही. पाचोळ्यावरून फ्लॅनेलचं कापड ओढून गोचीड गोळा करणं, त्यांच्या जाती ओळखणं, कुठली गोचीड कुठल्या प्राण्यावर वाढते याचा माग काढणं, हे सगळं प्राणिशास्त्र शिकलेल्याचं काम. पुढं या केंद्राचे संचालक झालेले टी. रामचंद्र राव स्वतः कीटकशास्त्रज्ञ होते. साथरोगाच्या संस्थेच्या प्रमुखपदी डासांचा अभ्यासक बसतो, ही गोष्ट नीट हुकलेल्या मुलाच्या कानावर पडली पाहिजे.

जुन्या गोष्टी कशाला, जानेवारी २०२५ आठवा. इथून जवळच, सिंहगड रस्त्याच्या परिसरात गुइलेन-बॅरे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक दाखल होऊ लागले. उपचार डॉक्टरांनी केले. पण संशय पाण्यावर होता; विहिरींचं, टँकरचं, नळाचं पाणी तपासायचं कुणी? रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडले. अशा शोधामागं प्रयोगशाळेत रात्री जागणारी माणसं असतात आणि त्यांतल्या अनेकांची पहिली पदवी सूक्ष्मजीवशास्त्राची असते.

अशी माणसं साथ नसतानाही लागतात. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटसारख्या कारखान्यात लशीची कुठलीही बॅच निर्जंतुक आहे की नाही हे तपासल्याशिवाय बाहेर जात नाही. मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राची प्रयोगशाळा निर्यातीच्या द्राक्षांतल्या कीटकनाशकांच्या अंशांच्या तपासणीवर देखरेख करते. तिथंच शेजारी वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये उसाची ऊतिसंवर्धित रोपं होतात. या सगळ्या जागा स्वारगेटहून बसनं गाठता येतात. तीन वर्षांत एकदाही आपण मुलांना तिथं नेत नाही.

आता कडू बोलतो. नुसत्या बी.एस्सी.वर मिळणारी पहिली नोकरी बहुधा कमी पगाराची असते आणि हे मुलांपासून लपवणं अन्यायाचं आहे. डीएमएलटी ही प्रयोगशाळा तंत्रज्ञाची पदविका केली की स्वतःची लॅब टाकता येईल, असं कुणी सांगितलं तर मुलांनी थांबून विचारावं. पॅथॉलॉजीच्या अहवालावर सही करायची ती पदव्युत्तर पॅथॉलॉजिस्टनंच, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली स्पष्ट केलं आहे. तंत्रज्ञाचं काम सन्मानाचं आहे, पण ते काय आहे आणि काय नाही, हे फी भरण्याआधी कळलं पाहिजे. त्याचबरोबर ज्या वाटा उघड्या आहेत, त्यांची माहितीही वेळेवर पोचली पाहिजे. प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्राच्या पदवीवर भारतीय वनसेवेची परीक्षा देता येते. सूक्ष्मजीवशास्त्र किंवा जीवरसायनशास्त्राच्या पदवीवर अन्न सुरक्षा अधिकाऱ्याच्या पदासाठी अर्ज करता येतो. एम.एस्सी.नंतर नेट परीक्षेतून जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली, तर महिना ३७ हजार रुपये विद्यावेतन घेऊन संशोधन करता येतं. शेतमजुराच्या मुलीला पीएच.डी.चा खर्च बापाकडं मागावा लागत नाही. मी हे मुद्दाम सांगतो, कारण फेलोशिप म्हणजे श्रीमंतांचा उद्योग, असं समजणारी कितीतरी हुशार मुलं मी शिक्षण सोडताना पाहिली आहेत.

मात्र यांतली एकही वाट फक्त गुणपत्रिकेवर चालता येत नाही. मुलाखतीत विचारतात, मायक्रोपिपेट हातात धरलंय का? प्लेट स्ट्रीक केलीय का? आणि आपली मुलं गप्प होतात. वीस जणांत एक सूक्ष्मदर्शक, शिक्षकानं लावलेली स्लाइड, मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवलेल्या आकृत्या, असं चाललं तर पदवी हातात येते आणि हात रिकामेच राहतात. जीवशास्त्र बोटांतून शिकायचं शास्त्र आहे. मुळा-मुठेचं पाणी बाटलीत आणा, पर्वतीच्या उतारावरचं गवत ओळखा, कॉलेजच्या उपाहारगृहातलं पाणी तपासा. याला मोठं अनुदान लागत नाही. शिक्षकाची इच्छा आणि प्रयोगशाळेची किल्ली लागते.

म्हणून या अधिवेशनानं तीन ठराव करावेत, ही माझी विनंती. प्रयोगशाळा वेळापत्रकाबाहेरही मुलांसाठी रोज खुली राहावी. दुसऱ्या वर्षात प्रत्येक विद्यार्थ्याला किमान एक महिना एखाद्या संस्थेत किंवा कारखान्यात काम मिळवून देण्याची जबाबदारी विभागानं घ्यावी. आणि प्रवेशाच्या दिवशीच पालकांना समोर बसवून या पदवीनं काय मिळतं आणि काय मिळत नाही, हे मराठीत, स्पष्ट शब्दांत सांगावं. जूनमध्ये नवे प्रवेश सुरू होतील. त्याआधी आपापल्या विभागात ही बैठक घ्या आणि कामाला लागा.