मोजणीची मुदत



आजचा विषय रुक्ष वाटेल, याची आम्हांला जाणीव आहे. परंतु जगातील अनेक मोठ्या बँकांचे हिशेब ज्या मेनफ्रेम यंत्रांवर चालतात, त्यांच्याशी तो निगडित आहे; म्हणून तो केवळ तंत्रज्ञांचा उरत नाही. आयबीएमने १९६४ साली 'सिस्टम ३६०' जाहीर केली. तिचाच वंश आजही नांदतो आहे. या यंत्राचा हिशेब करणारा भाग कितीही चपळ असला, तरी डिस्कवरची माहिती हाती येईपर्यंत कामाला खोळंबावे लागते. हा खोळंबा किती वेळाच्या अंतराने मोजावयाचा, एवढाच आमचा आजचा प्रश्न.

पावसाचे उदाहरण घेऊ. सकाळी साडेआठला पर्जन्यमापकात गेल्या चोवीस तासांचे ९६ मिलिमीटर पाणी दिसले, असे समजा. भागाकार केला की ताशी ४ मिलिमीटर; गटारांना सहज पेलेल इतका. पण तो सारा पाऊस दोन तासांतच कोसळला असेल, तर दर ताशी ४८ मिलिमीटर होतो आणि पाणी घरात शिरते. मोजमाप खोटे नव्हते. मोजणीची मुदत चुकीची होती.

मेनफ्रेमवर आरएमएफ नावाची मोजणीची व्यवस्था असते. ठरलेली मुदत भरली की ती नोंद करते: डिस्कच्या प्रत्येक विभागाकडे किती मागण्या गेल्या आणि प्रत्येकीस सरासरी किती वेळ लागला. पंधरा मिनिटांची मुदत सर्रास आढळते. म्हणजे दिवसाकाठी ९६ नोंदी.

आता एक कल्पित बँक घेऊ. मूळ केंद्रात आग लागली तरी खाती वाचावीत, म्हणून ती लिहिलेली प्रत्येक गोष्ट दूरच्या दुसऱ्या केंद्राकडे मागाहून धाडते. चौदा मिनिटे सेकंदाला ६० मेगाबाइट लेखन होते आणि एक मिनिट ९६०. पंधरा मिनिटांची सरासरी येते १२०. त्या आकड्यावर विसंबून बँकेने १२० मेगाबाइटचीच वाहिनी घेतली, तर त्या एका मिनिटात ५०,४०० मेगाबाइट माल तुंबतो. पुढे सेकंदाला फक्त ६० ची सवड उरते. तुंबलेला माल निघावयास ८४० सेकंद, म्हणजे पूर्ण चौदा मिनिटे लागतात. त्या अवधीत आग लागली, तर जे दूर पोहोचले नाही ते गेले. त्यात कोणाचा पगार असेल, कोणाच्या इस्पितळाचे पैसे असतील. कागदावरची सरासरी मात्र निर्दोष!

मग सेकंदासेकंदाला का मोजू नये, असे आपण विचाराल. त्यालाही मर्यादा आहेत. डिस्कचे ५,००० विभाग असले, तर पंधरा मिनिटांच्या मुदतीने दिवसाला ४,८०,००० नोंदी होतात. एका मिनिटाच्या मुदतीने ७२,००,०००. त्या साठवावयाच्या कोठे आणि वाचावयाच्या कोणी? दुसरे असे की, काही आकडे प्रत्यक्ष मोजलेले असतात, तर काही नमुन्यावरून काढलेले. यंत्राच्या आतच रांगेत किती मागण्या तिष्ठत आहेत, हे आरएमएफ सामान्यतः सेकंदाला एकदा डोकावून पाहते. पंधरा मिनिटांत असे ९०० नमुने मिळतात, एका मिनिटात ६०, दहा सेकंदांत अवघे १०. दहा माणसांना विचारून गावाचे मत ठरवू नये, हे आपण जाणताच.

म्हणून मुदत ठरविताना आधी प्रश्न ठरवावा. पुढील वर्षी किती डिस्क लागतील, एवढेच पाहावयाचे असेल, तर तासाचे आकडे पुरेत. मात्र त्यांत महिनाअखेर आलीच पाहिजे. नवी साठवणयंत्रणा निवडताना पंधरा मिनिटांची मुदत बहुधा योग्य ठरते. दूरच्या वाहिनीचे मापन करताना एक मिनिट किंवा त्याहून कमी हवे. आणि एखादी तक्रार दहा सेकंदांच्या खोळंब्याची असेल, तर ती पंधरा मिनिटांच्या सरासरीत शोधणे म्हणजे गवताच्या गंजीत सुई शोधणे होय.

आणखी दोन पथ्ये सांगतो. सर्व यंत्रांच्या मुदती एकाच घड्याळाच्या ठोक्याला सुरू व्हाव्यात. नाहीतर एकाची गर्दी दुसऱ्याच्या गर्दीशी जुळवता येत नाही. आणि सरासऱ्यांची सरासरी काढताना मागण्यांची संख्या विसरू नये. एका मुदतीत १,००० मागण्यांना प्रत्येकी १० मिलिसेकंद लागले व दुसरीत ९९,००० मागण्यांना प्रत्येकी १, तर खरी सरासरी १.०९ येते, साडेपाच नव्हे.

बारीक नोंदींची बेरीज करून मोठी मुदत केव्हाही करता येते. मोठ्या मुदतीतून बारीक नोंद मात्र कधीच काढता येत नाही. दळलेल्या पिठातून गहू परत मिळत नाहीत. तेव्हा आणीबाणीच्या, महिनाअखेरच्या व गर्दीच्या दिवसांच्या बारीक नोंदी जपाव्यात आणि बाकीच्या खुशाल ठोक कराव्यात. यंत्रे आमच्यासमोर आकडे मांडतील; ते किती वेळाचे आहेत, हे विचारण्याची जबाबदारी मात्र आपली माणसांचीच आहे.