बाबांची गाडी आणि ओहमचा नियम

(दहावी 1997 च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले मनोगत)



संयोजकांनी मला ‘संगणक क्षेत्रातील माझी वाटचाल’ हा विषय दिला होता. तो बाजूला ठेवून मी आज एका बंद पडलेल्या गाडीबद्दल बोलणार आहे. त्यात माझं आपल्या वर्गाचं एक जुनं देणं आहे. ते आज फेडायचंय.

बाबांची गाडी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली आहे. 2004 सालची, छोटी, पेट्रोलवरची. बाबांना जाऊन आता दीड वर्ष झालं. गाडी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, भाताच्या पोत्यांशेजारी उभी असते. आईला गाडी चालवता येत नाही. तरी दर रविवारी ती आत बसायची, गाडी चालू करायची आणि पाच मिनिटांनी बंद करून देवपूजेला लागायची. का, ते आम्ही कधी विचारलं नाही.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी तिचा फोन आला, “घुर्रघुर्र करते गं, पण धरत नाही.” भाऊ म्हणाला, भंगारात देऊन टाकू. मी म्हटलं, थांब, मी इंजिनिअर आहे.

गाडी सेल्फ जोरात घेत होती. म्हणजे बॅटरी आणि स्टार्टर ठीक. मग इंजिनाला लागतं काय? पेट्रोल, हवा, वेळेवर ठिणगी आणि सिलिंडरमध्ये दाब. प्लग काढून पाहिला, ठिणगी होती. इंजेक्शनच्या गाडीत किल्ली ‘ऑन’ला नेली की मागच्या टाकीतला विजेचा पंप दोनेक सेकंद गुणगुणतो, पेट्रोलचा दाब तयार करतो आणि थांबतो. इथे टाकी गप्प होती. कार्बोरेटरची गाडी असती तर उतारावर ढकलून पाहिली असती. पण ढकलण्याने फक्त सेल्फचं काम होतं. पंपच बंद असेल, तर गाडी कात्रज घाटावरून सोडली तरी इंजिन धरणार नाही.

फ्यूज शाबूत. रिले ‘टक’ वाजत होता. पंपाच्या कनेक्टरच्या दोन टोकांना मी मल्टीमीटर लावला, आईला किल्ली फिरवायला सांगितली. 12.3 व्होल्ट! वीज पोचतेय आणि पंप फिरत नाही, म्हणजे पंप गेला. पुण्याहून मेकॅनिक आणला, टाकी उतरवली, नवा पंप बसवला. खर्च साडेसहा हजार. किल्ली फिरवली, तर टाकी पुन्हा गप्प. भावाने भंगारवाल्याला सोमवारी यायला सांगून टाकलं. आई काही बोलली नाही. तिने गाडीतला बाबांचा चष्मा आणि गमछा काढून घरात आणून ठेवला.

चेलाडी फाट्याजवळ आपल्याच वर्गातल्या एकाचं गॅरेज आहे. तो आज इथे मागच्या रांगेत बसलाय. नाव घ्यायचं नाही, या अटीवर त्याने मला बोलू दिलंय. पुण्याहून येताना वर्षानुवर्षं मी त्या गॅरेजवरून गेले, एकदाही थांबले नाही. त्या रविवारी थांबले.

त्याने माझी सगळी कहाणी ऐकून घेतली आणि विचारलं, “व्होल्ट मोजलेस ते पंप जोडून की काढून?”

“काढून.”

“मग ते काही खरं नाही. चल, काकूंना भेटून बरेच दिवस झाले.”

येताना त्याने मीटर आणलाच नाही. खिशात इंडिकेटरचा 21 वॅटचा बल्ब होता, त्याला दोन वायरी डकवलेल्या. आधी शेडचं दार सताड उघडलं, पेट्रोलचा वास नाही ना हे पाहिलं. मग पंपाच्या जागी बल्ब जोडला. आईने किल्ली फिरवली. बल्ब विझत्या निखाऱ्यासारखा लालसर झाला, बस. मग त्याने बल्बची अर्थची वायर कनेक्टरमधून काढून गाडीच्या बॉडीवर, खरवडलेल्या जागी टेकवली. आईने पुन्हा किल्ली फिरवली. बल्ब लख्ख पेटला.

“येणारी वायर चांगली आहे. परत जाणारी गेलीय,” तो म्हणाला.

मागची सीट उचलली, खालचा गालिचा काढला. आमच्या शेडचा पत्रा नेमका तिथेच गळतो. बॉडीला आवळलेला अर्थचा बोल्ट गंजाने फुगला होता. पॉलिश पेपरने घासला, नवं टोक लावलं, वर ग्रीस. वीस मिनिटांचं काम.

मित्रांनो, हा आपला दहावीचा धडा आहे. विभवांतर भागिले विद्युतधारा म्हणजे रोध. समजा, गंजलेल्या जोडाचा रोध 10 ओहम आहे. मल्टीमीटर जवळजवळ धाराच ओढत नाही, म्हणून त्या जोडात काही खर्च होत नाही आणि मीटर पुरे 12 दाखवतो. पंप मात्र चार-पाच अँपिअर मागतो. तो जोडला की बहुतेक व्होल्ट गंज खातो आणि पंपाच्या वाट्याला जेमतेम दोन-तीन उरतात. मीटर खोटं बोलत नव्हता. मी त्याला भार नसताना विचारलं होतं. या नियमावरची गणितं मी पैकीच्या पैकी सोडवली होती. ती गाडीत कशी दिसतात, हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं.

आता ते देणं. नववीत प्रयोगाच्या तासाला हा मुलगा बल्ब आणि सेल घेऊन मागे बसला होता. वायरचा जोड मुद्दाम सैल करायचा, घट्ट करायचा आणि बल्ब कमी-जास्त होताना बघायचा. मी मॉनिटर होते. मी उठून सांगितलं, “सर, हा साहित्याशी खेळतोय.” उरलेला तास तो वर्गाबाहेर उभा होता. शेडमध्ये तो बल्ब पेटला तेव्हा मला ते आठवलं. मी त्याला बोलून दाखवलं. तो हसला, म्हणाला, “सोड गं. त्या दिवशी बाहेर ऊन छान होतं.”

त्याने मजुरीचे तीनशे रुपये घेतले आणि रीतसर पावती दिली. गाडी पहिल्याच सेल्फला धरली. आईने स्वतः भंगारवाल्याला फोन करून नको म्हणून सांगितलं, चष्मा पुन्हा गाडीत नेऊन ठेवला आणि मला म्हणाली, “आता पत्रा तेवढा बदल.” पत्रा बदललाय.

सर, तुम्ही समोर बसला आहात. त्या तासाला तो खेळत नव्हता, प्रयोग करत होता. तक्रार माझी होती आणि ती चुकीची होती. एवढी दुरुस्ती अठ्ठावीस वर्षं उशिरा का होईना, करून घ्यावी ही विनंती.