वाटेने वसविलेला मुलूख



जुन्नर प्रांती जाणारा प्रवासी बहुधा शिवनेरीवर शिवाईचे आणि शिवजन्मस्थानाचे दर्शन घेतो, लेण्याद्रीच्या गणपतीस हात जोडतो आणि माघारी फिरतो. त्या दर्शनाची थोरवी मला पूर्ण मान्य आहे. तथापि हा मुलूख ज्याला समजून घ्यावयाचा आहे, त्याने आपली मोटार प्रथम जुन्नरावरून पश्चिमेस थेट घाटघरापर्यंत न्यावी आणि मग किल्ले व लेणी पाहत उलट यावे, असा माझा आग्रह आहे. कारण येथील दुर्ग, लेणी आणि बाजारपेठ या सर्वांचे पोषण केले ते कल्याणच्या बाजूने सह्याद्री चढून येणाऱ्या नाणेघाटाच्या वाटेने.

कुकडीच्या खोऱ्यातून जाणारा हा सुमारे ३० किलोमीटरचा रस्ता पावसाळ्याअखेरीस फार रमणीय असतो. भाताची खाचरे पोटरीस आलेली, पठारावर सोनकी फुललेली. पठार संपते तेथे कातळात नाणेघाटाची अरुंद खिंड आहे आणि तिच्या तोंडाशी एक दगडी रांजण. व्यापाऱ्यांची जकात यातच पडे, असे परंपरा सांगते. चार पावले खाली उतरले की सातवाहनांचे लेणे लागते. त्याच्या मागील भिंतीवर राजकुलातील व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. आज उरली आहेत ती जवळजवळ केवळ पावले, आणि वर ब्राह्मी लिपीत कोरलेली सिमुक, नागनिका, सातकर्णी इत्यादी नावे. बाजूच्या भिंतींवरील प्राकृत लेखात अश्वमेध, राजसूय आदी यज्ञांची व त्यांतील दक्षिणांची नोंद असून १७००, ११०००, २४४०० अशा संख्या अंकचिन्हांनी लिहिल्या आहेत. सुमारे दोन सहस्र वर्षे टिकलेला हा दानाचा हिशेब डोळ्यांनीच वाचावा. त्या भिंतीस हातही लावू नये.

परतताना जीवधन, चावंड आणि हडसर यांच्याकडे या दृष्टीने पाहावे. हे तिन्ही किल्ले म्हणजे त्या रहदारीवर बसविलेला पहारा होय.

शिवनेरीवरही प्रथम कड्यातील बौद्ध लेणी पाहावीत. तेथे इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दान दिल्याचा लेख आहे, तर चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने भिक्षुसंघास भोजनमंडप अर्पण केल्याचा. घाटमाथ्यावर वैदिक यज्ञांची गणना आणि वाटेच्या या टोकाशी परदेशीय उपासकांचे बुद्धसंघास दान, हे दोन्ही एकाच वाटेवर नांदावे, याचे मला अपार कौतुक वाटते. त्यानंतर मग महादरवाजा, परवानगी दरवाजा असे सात दरवाजे ओलांडून माथा गाठावा. अहमदनगर वसविण्यापूर्वी निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याने आपले ठाणे केले ते जुन्नरासच. आणि निजामशाहीच्या धामधुमीत शहाजीराजांनी जिजाऊसाहेबांना ठेविले ते याच गडावर, जेथे १६३० साली शिवाजी महाराज जन्मले.