सिस्टर रोझेटा थार्प

रॉक संगीत म्हटलं की एल्विस प्रेस्लीचं नाव आधी येतं. पण त्याच्या कितीतरी आधी सिस्टर रोझेटा थार्प ही कृष्णवर्णीय अमेरिकन गायिका इलेक्ट्रिक गिटार गाजवत होती. जन्म १९१५चा, आर्कान्सामधल्या कॉटन प्लांट गावचा. आई चर्चमध्ये प्रवचनं करायची. लेक लहानपणीच तिच्या शेजारी गिटार घेऊन उभी राहिली. १९३८मध्ये डेक्का कंपनीनं तिची गाणी ध्वनिमुद्रित केली. भक्तिगीतं तिनं नाइटक्लबमध्येही गायली, म्हणून चर्चमधली बरीच मंडळी दुखावली. मला तर हे धाडस तिच्या वादनाइतकंच मोलाचं वाटतं. १९६४मध्ये मँचेस्टरच्या बंद पडलेल्या रेल्वे स्थानकात, पावसाळी हवेत, अंगात कोट घालून ती गिटार वाजवते, ते चित्रीकरण जरूर पाहा. १९७३मध्ये ती गेली. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये तिला स्थान मिळालं, ते थेट २०१८मध्ये.