राहिलेल्यांची यादी



घरात साठी ओलांडलेलं कुणी असेल, तर त्यांचा हात जरा निरखून बघा. बहुतेकांच्या हातावर नाण्याएवढा गोल वण दिसेल. ही देवीच्या लसीची खूण. देवीच्या मोहिमेतले कर्मचारी गावात आले की लोकांना बाही वर करायला सांगत. वण दिसला, तर टोचून झालेलं आहे. नाही दिसला, तर हा माणूस राहिलेला आहे. 1975 नंतर आपल्या देशात देवीचा रुग्ण सापडला नाही.

पुढे 1995 पासून पल्स पोलिओची मोहीम सुरू झाली. डोस घेतलेल्या बाळाच्या करंगळीला शाई लागायची आणि घराच्या दारावर खडूची खूण व्हायची. घरातली सगळी बाळं झाली असतील तर इंग्रजी ‘पी’, एखादं जरी राहिलं असेल तर फुली. फुलीच्या घरी पुन्हा जायचं, बाळ मामाच्या गावाहून परत येईपर्यंत जात राहायचं. 2014 साली देशाला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं, त्यात या फुलीचा मोठा वाटा आहे.

आज हे आठवायचं कारण करोनाच्या काळातली आपली नोंद. 16 जानेवारी 2021 रोजी लसीकरण सुरू झालं आणि त्याची सगळी नोंद ‘कोविन’ या संगणकीय प्रणालीत होऊ लागली. पहिल्याच दिवशी ती अडखळली आणि महाराष्ट्रात लसीकरण दोन दिवस थांबवावं लागलं. 1 मेपासून अठरा ते चव्वेचाळीस वर्षांच्या लोकांची पाळी आली, तेव्हा आधी ऑनलाइन वेळ घेतल्याशिवाय लस मिळत नव्हती. ज्याच्या हातात चांगला फोन आणि फोनला रेंज, त्याचा नंबर आधी लागे. खेड्यातल्या केंद्रासमोर शहरातल्या गाड्या उभ्या राहिल्या आणि त्याच गावचे लोक पारावरून बघत राहिले. सर्वोच्च न्यायालयानेही 31 मेच्या आदेशात या डिजिटल दरीबद्दल केंद्र सरकारला प्रश्न विचारले. त्याआधी आठवडाभर, 24 मे रोजी, सरकारी केंद्रावर थेट जाऊन नाव नोंदवायची मुभा मिळाली होती.

या प्रणालीने केलेलं कामही मोठं आहे. 21 ऑक्टोबर 2021 रोजी देशात शंभर कोटी डोस पूर्ण झाले आणि 17 जुलै 2022 रोजी दोनशे कोटी. एवढा हिशेब कागदावर ठेवणं अवघड होतं. पहिला डोस एका जिल्ह्यात आणि दुसरा दुसऱ्या जिल्ह्यात घेतला, तरी दोन्ही एकाच नावावर दिसत. आपल्या जिल्ह्याला तर याची फारच गरज होती. का, ते सांगतो.

आपला अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा, सतरा हजार चौरस किलोमीटरहून अधिक, चौदा तालुक्यांचा. 1950 च्या सुमारास प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि आज उत्तरेकडे ऊसच ऊस आहे. दक्षिणेकडे पाथर्डी, शेवगाव, जामखेड हे कोरडवाहू तालुके. दसरा-दिवाळी झाली की तिथून ऊसतोडीला कोयता निघतो. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. अशा जोड्यांची टोळी मुकादमाबरोबर पाच-सहा महिने फडावर असते. म्हणजे एकाच जिल्ह्यातून माणसं जातात आणि त्याच जिल्ह्यात बाहेरची येतात.

आता दिवस मोजा. 13 मे 2021 पासून कोविशिल्डच्या दोन डोसांतलं अंतर बारा ते सोळा आठवडे झालं. ज्यांनी जुलै-ऑगस्टमध्ये पहिला डोस घेतला, त्यांचा दुसरा आला ऑक्टोबर-नोव्हेंबरात, नेमका गाव सोडायच्या वेळी. त्याच ऑक्टोबरच्या सुरुवातीला राज्यभर शाळा उघडत होत्या आणि आपल्या जिल्ह्यात मात्र रुग्ण कमी होईनात म्हणून 61 गावांत पुन्हा टाळेबंदी लावावी लागली होती.

मी प्राथमिक शिक्षक. त्या काळात अनेक शिक्षकांप्रमाणे माझीही नेमणूक लसीकरण केंद्रावर, नोंदीच्या टेबलाशी होती. एक जोडपं दुसऱ्या डोससाठी आलं, दोन दिवसांत त्यांची टोळी निघणार होती. नोंद शोधायची तर मोबाइल नंबर हवा. त्यांच्याकडे स्वतःचा फोन नव्हता आणि पहिल्या वेळी कुणाचा नंबर दिला ते आठवेना. भावाचा टाकून पाहिला, दुकानदाराचा टाकून पाहिला, नाव सापडेना. रांग खोळंबली. मागून कुणी म्हणालं, “सर, नवीन नाव टाका अन् मोकळं करा.” तसं केलं असतं, तर संगणकाने तो पुन्हा पहिलाच डोस धरला असता. दोन अर्धवट माणसं तयार झाली असती आणि एक पुरा माणूस हरवला असता. शेवटी आशाताई, म्हणजे गावच्या आशा स्वयंसेविका, आल्या. त्यांनी वही उघडली. पहिल्या दिवशी त्यांनी दोघांच्या नावापुढे मुकादमाचा नंबर लिहून ठेवला होता. अर्ध्या मिनिटात नोंद सापडली.

त्या दिवशी मला जे उमगलं, ते सांगायला मी आज आलो आहे. कोविनला केंद्रावर आलेला माणूस माहीत होता. पहिला डोस घेऊन दुसरा चुकवलेलाही त्याला दाखवता येत होता. पण ज्याने उंबराच ओलांडला नाही, त्याचं नावच संगणकात नव्हतं. ते नाव गावात राहणाऱ्या बाईच्या वहीत होतं. 2021 च्या नोव्हेंबरात ‘हर घर दस्तक’ मोहीम निघाली, तेव्हा दारोदार जाऊन हीच माणसं शोधावी लागली. अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या वाड्यांवर तर रेंजही नसायची. तिथे आधी कागदावर लिहायचं आणि रेंज मिळेल तिथे येऊन मग संगणकात भरायचं.

आपल्या जिल्ह्याला हे नवं नाही. 1970 साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. त्यांनी गावागावांतल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. त्यांतल्या अनेकींना अक्षरओळखही नव्हती, पण कुठल्या घरात बाळंतपण जवळ आलंय आणि कुठल्या घरातलं लेकरू खंगतंय, हे त्यांना तोंडपाठ होतं. त्या कामाला 1979 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता गरोदर माता आणि बालकांच्या लसीकरणासाठी ‘यू-विन’ ही प्रणाली आली आहे. जानेवारी 2023 मध्ये काही जिल्ह्यांत तिची चाचणी सुरू झाली. फडावर गेलेल्या बाळाची पुढची लस तिथल्याच केंद्रावर मिळावी आणि नोंद एकाच नावावर राहावी, ही सोय ऊसतोड मजुरांच्या लेकरांसाठी फार मोलाची आहे. ती खरी उतरायची असेल, तर तीन गोष्टी आपल्या हातात आहेत. नोंदीला जवळच्या माणसाचा, बदलणार नाही असा नंबर द्या. तो नंबर बाळाच्या लसीकरणाच्या कार्डावर पेनाने लिहा आणि कार्ड कपड्यांच्या गाठोड्यात बरोबर न्या. आणि ज्यांच्या शेजारी उसाचा फड आहे, त्यांनी कोप्यांवर नवी टोळी उतरली की गावच्या आशाताईंना तेवढा निरोप द्या.

अधिकाऱ्यांनाही एक विनंती आहे. आढावा बैठकीत किती टक्के झाले हे विचारता, ते जरूर विचारा. पण त्याआधी राहिलेल्यांची यादी वाचायला सांगा, नावानिशी, घरानिशी. दारावर खडूने फुली मारणाऱ्या बाईला ती यादी ठाऊक असायची, आणि ती त्या घरी परत जायची.