लाल टोपण, केशरी टोपण

मी नांदेडात मेडिकल चालवतो. आज जे सांगणार आहे ते मी फार्मसी कॉलेजात नाही, काउंटरवर शिकलो.

काही वर्षांपूर्वी कंधारकडच्या एका खेड्यातून एक पोरगा आला. "दादा, इन्सुलिनच्या सुया द्या." दुकानात गर्दी. मी लाल टोपणाच्या सिरिंज दिल्या, पैसे घेतले, विषय संपला. दोन दिवसांनी तोच पोरगा तोंड पाडून दारात उभा. वडिलांचं इन्सुलिन पेन बिघडलेलं. औषध वाया कशाला घालवायचं, म्हणून यानं पेनातल्या कार्ट्रिजमधून सिरिंजनं ओढलं, रोजच्यासारखं वीसच्या आकड्यापर्यंत. थोड्या वेळानं मामांना दरदरून घाम, मग शुद्धच नाही. दवाखान्यात वेळेत नेलं म्हणून वाचले.

आता हिशोब बघा. आपल्याकडे बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा एका मिलीत ४० युनिट असतं आणि लाल टोपणाची सिरिंज त्याच मापाची. पेनाच्या कार्ट्रिजमध्ये मात्र साधारणपणे एका मिलीत १०० युनिट. लाल सिरिंजवर २० म्हणजे अर्धा मिली. म्हणजे मामांच्या अंगात गेले ५० युनिट, अडीचपट! १०० च्या बाटलीला केशरी टोपणाची सिरिंज लागते. आणि पेनातून सिरिंजनं ओढायचंच नाही. पेन बिघडलं की डॉक्टरला फोन करायचा.

पोरगा अडाणी नव्हता, बरं का. "बाटली की पेन?" एवढं मी विचारायला पाहिजे होतं. विचारलं नाही. आता विचारल्याशिवाय एकही सुई देत नाही, मागं कितीही लाइन असो.

लातूरला नीटची तयारी करणारी, टाइप वन असलेली पोरं दंडावर सेन्सर लावतात आणि मोबाईलवर शुगर बघतात. भारी गोष्ट आहे. पण सेन्सर रक्तातली नाही, कातडीखालच्या पाण्यातली साखर मोजतो, म्हणून तो काही मिनिटं मागं असतो. त्या दंडावर दाबून झोपलात तर उगाच कमी आकडा दाखवू शकतो. त्रास एक आणि आकडा दुसरा, असं वाटलं तर बोटातून थेंब काढून तपासा. शुगर ७० च्या खाली असेल आणि माणूस शुद्धीत असेल, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीच घालू नका, थेट दवाखाना गाठा.

अजून एक, आपल्या उन्हाळ्याचं. न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, फ्रीझरमध्ये कधीच नाही. होस्टेलवर फ्रिज नसेल तर डब्यात बंद करून ओल्या माठात ठेवा, पाणी आत जाऊ देऊ नका. आणि मे महिन्यात गाडीच्या डिकीत इन्सुलिन ठेवून नांदेड ते लातूर प्रवास करू नका. मेडिकलवाल्याकडं बर्फाची पिशवी मागा. आम्ही देतो.